बावीस पावलांचे जहाज

नॉर्वेतल्या स्टावांगरला आम्ही गेलो ते प्रेकेस्तूलेनचा कडा चढण्यासाठी. तो चढलो, गुडघे दुखले, आणि त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. लक्षात राहिला तो दुसऱ्या दिवशी वोगेन बंदराच्या धक्क्यावर घालवलेला तास.

धक्क्याला एक अजस्र पर्यटक जहाज लागले होते. जुन्या गावातली पांढरी लाकडी घरे त्याच्यापुढे खेळण्यातली वाटत होती, आणि त्यातून उतरलेल्या गर्दीमुळे साध्या कॉफीसाठीही रांग होती. रांगेत उभे राहायचे नाही म्हणून मी निराळाच उद्योग काढला. ४ जुलै १८२५ रोजी याच गावातून ‘रेस्टाउराशून’ नावाचे एक छोटे शिडाचे जहाज बावन्न माणसांना घेऊन अमेरिकेला निघाले, आणि नॉर्वेतून तिकडे झालेल्या संघटित स्थलांतराची सुरुवात तिथून मानतात. त्याची लांबी चौपन्न फूट होती, हे मी वाचून गेले होते. एका खुंटापासून पावले मोजत निघाले, तर बाविसाव्या पावलाला जहाज संपले. पटेना, म्हणून उलट मोजत आले; तरीही बावीसच. माझी ही येरझार पाहून एका वृद्ध बाईंनी काही हरवले का म्हणून विचारले. कारण सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, माझ्याबरोबर चालल्या, आणि त्यांची पावले सव्वीस भरली. नवरा तेवढ्यात कॉफी घेऊन आला आणि अनोळखी माणसासारखा दूर उभा राहिला.

एवढ्या जागेत ही माणसे चौदा आठवडे राहिली. त्यांच्यात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे बरेच लोक होते, ज्यांना मायदेशी सरकारमान्य चर्चच्या चौकटीत मोकळेपणा नव्हता. वाटेत लार्स लार्सन यांच्या पत्नीला मुलगी झाली, त्यामुळे ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोहोचली ती त्रेपन्न माणसे. तिथे स्वागत झाले ते जप्तीने, कारण जहाजाच्या क्षमतेच्या दर पाच टनांमागे दोनच प्रवासी आणावेत असा अमेरिकेचा १८१९ चा कायदा होता. शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी नोव्हेंबरमध्ये माफी दिल्यावर जहाज सुटले. गर्दीचा कायदा गर्दीत चिरडलेल्यांनाच भोवावा, याची मला आजही चीड येते.

पुढची जहाजे मोठी झाली, पण सुखाची झाली असे म्हणवत नाही. ब्रिटनने १८४९ साली परदेशी जहाजांवरचे जुने निर्बंध उठवल्यावर नॉर्वेची जहाजे कॅनडातल्या क्वेबेकला माणसे सोडून परतताना ब्रिटनसाठी लाकूड भरू लागली. जाताना मधल्या मजल्यावर फळ्यांचे कच्चे बाक ठोकायचे, पोहोचल्यावर ते उखडून तिथेच ओंडके रचायचे, असा तो हिशेब होता. लाकडाचे भाडे हुकू नये म्हणून माणसे नेली जात, की माणसे नेता यावीत म्हणून लाकूड, हे मला ठरवता आले नाही.

मला मात्र सर्वांत जवळची वाटली ती शिध्याची गोष्ट. शिडाच्या जहाजांच्या काळात बहुतेकदा जहाजाकडून पाणी आणि सरपण मिळे. अन्न प्रवाशांनी घरून आणायचे, तेही कित्येक आठवडे पुरेल एवढे. त्यासाठी पातळ, कडक, महिनोन्महिने टिकणाऱ्या फ्लाटब्रो नावाच्या भाकरीच्या चवडी भाजून नक्षीदार पेट्यांत भरत, आणि समुद्र शांत असेल तेव्हा डेकवरच्या चुलीपुढे बायका आपला टोप घेऊन नंबर लावत. वादळात चूल बंद, म्हणजे कोरडेच चावायचे.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी बॅग उघडली. सोलापूरहून दहा दिवसांसाठी आणलेल्या कडक भाकरीचा चौथ्याच दिवशी चुरा उरला होता, आणि पुढचे सहा दिवस मी त्या देशाच्या खाण्याला नावे ठेवण्यात घालवले.