टेम्पोभर हवा

आमच्या फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाईक पट्टी हातात घेतं, तिला नख मारून बघतं आणि विचारतं, "लाकूडच ना?" पूर्वी मी "सिंथेटिक आहे, वाळवी लागत नाही" म्हणून वेळ मारून न्यायचे. आता सरळ सांगते, हा थर्माकोल आहे. कुणाच्या तरी टीव्हीच्या खोक्यातला.

मला हे कळलं ते बाबांच्या मखरांमुळे. फ्रेमा बारमाही, पण आमचा खरा सीझन गणपतीचा. बाबा लाकडी कमानीला नायक्रोमची तार ताणायचे, करंट देऊन ती तापवायचे आणि थर्माकोलच्या शीटमधून महिरपी, मोर, खांब लोण्यासारखे कापून काढायचे. चिकटवायला फेविकॉलच. एकदा मी शहाणपणा करून चपलेचं सोल्युशन लावलं, तर मोराची मान डोळ्यांदेखत विरघळली! (संत्र्याच्या सालीच्या तेलानंही हा विरघळतो. जपानात सोनीनं त्या तेलावर थर्माकोल रिसायकल करायची पद्धतच बसवली होती.)

मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानंही मखरवाल्यांना सूट नाकारली आणि आमचा तयार माल पोटमाळ्यावर गेला. बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. विसर्जनानंतरचा नदीकाठ मीही पाहिलाय. पण पोटमाळ्यावरचं ते सगळं टाकायचं कुठे?

भंगारवाला हात लावेना. त्याचंही बरोबर होतं, त्याचा धंदा वजनावर आणि थर्माकोलमध्ये ९८ टक्के नुसती हवा. शेवटी शहराबाहेर एक रिसायकलवाला सापडला. टेम्पो शिगोशीग भरला, वरून जाळी बांधली. काट्यावर माल भरला ३८ किलो. टेम्पोवाला हसायलाच लागला.

त्यातलाही निम्म्याहून जास्त परत. सोनेरी कागद, लेस, रंग, सुकलेला फेविकॉल यातलं काहीच मशीनला चालत नाही. "कोरा पांढरा द्या ताई," एवढंच तो म्हणत राहिला. मग मी आणि बाबा तिथेच गोणपाटावर बसलो आणि खांबांच्या कोऱ्या पाठी कटरनं सोलून दिल्या. बाबांनी आपले मोर कापताना तोंडातून ब्र काढला नाही.

मशीनचं काम म्हणजे थर्माकोल करण्याचा सगळा खटाटोप उलटा. मुळात हे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे साबुदाण्याहून बारीक मणी. त्यांच्यात पेंटेन, म्हणजे तापलं की वायू होणारं एक द्रव, भरलेलं असतं, वाफ दिली की ते चाळीसेक पट फुगतात. इथे आधी दातेरी रोलरखाली त्याचा चुरा होतो. तो चुरा अंगाला, केसांना, पापण्यांना चिकटतो, झटकला की आणखी चिकटतो. मग स्क्रू तो तापलेल्या नळीतून पुढे रेटतो, हवा निघून जाते आणि तोंडातून मनगटाएवढी जाड, करडट शेव वळसे घेत साच्यात पडते. थंड झाली की लादी. आमच्या अख्ख्या टेम्पोतून निघाली पाटाएवढी एक लादी, पण मला ती एका हातानं उचलेना.

ही लादी दळून तिचे दाणे करतात. पट्टीच्या कारखान्यात तेच दाणे वितळवून, जरासे पुन्हा फुगवून, पट्टी ओढतात आणि वर लाकडाच्या रेषांची फॉइल चिकटवतात. आमची पट्टी आडवी कापली की आत ब्रेडसारखी बारीक जाळी दिसते, ती त्या फुगवण्याची. वर्षानुवर्षं पंचेचाळीस अंशात पट्ट्या कापत आले, पण त्या जाळीकडे कधी नीट बघितलं नव्हतं.

परवा करवतीच्या पात्याची धार गेली होती आणि मी तशीच रेटत होते. पातं तापलं, कापाची कड वितळून तिला धागे सुटले आणि दुकानभर वास पसरला. आतल्या खोलीत बाबा आडवे झाले होते. तिथूनच विचारलं, "तार लावलीस का गं?"