होते की इल्युमिनाटी!

“मॅडम, ते इल्युमिनाटी खरंच आहेत का हो?”

शिकवत होते तेव्हा हा प्रश्न वर्षातून एखाद्या वेळी यायचा, बहुधा मागच्या बाकावरून, आणि विचारणाऱ्याला मुख्यतः तास संपवायचा असायचा. निवृत्त झाल्यापासून जास्त येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, ज्येष्ठ नागरिक संघात येतो, भाच्याचे मित्र विचारतात. प्रश्नाला आता शेपूटही फुटलंय: फ्रेंच राज्यक्रांतीतला रक्तपात त्यांनीच घडवला ना? मग आजचा दहशतवादही असल्याच कुठल्या तरी गुप्त मंडळाने पोसलेला असणार, नाही का? मोबाइल माझ्या नाकासमोर धरलेला असतो. व्हिडिओत त्रिकोण, त्रिकोणात डोळा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. होते इल्युमिनाटी. अगदी कागदोपत्री होते. १ मे १७७६ रोजी आजच्या जर्मनीत असलेल्या बव्हेरियातल्या इंगोलश्टाट इथे अ‍ॅडम वाइसहाउप्ट नावाच्या २८ वर्षांच्या प्राध्यापकाने हे मंडळ काढलं. तो विद्यापीठात चर्चचा कायदा शिकवायचा. जेझुइट पाद्र्यांचा संघ पोपने १७७३ मध्येच बरखास्त केला होता, पण विद्यापीठावर पगडा अजून त्याच मंडळींचा, आणि त्यांच्याशी याचं सतत वाजायचं. कॉलेजच्या स्टाफरूममधलं राजकारण ज्यांनी पाहिलंय त्यांना या ‘जागतिक कटा’चा उगम लगेच ध्यानात येईल.

सुरुवातीचे सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातही बहुतेक त्याचेच विद्यार्थी. प्रत्येकाला टोपणनाव. वाइसहाउप्ट स्वतः ‘स्पार्टाकस’. म्युनिकला म्हणायचं अथेन्स, इंगोलश्टाटला एल्यूसिस. तारखा लिहायच्या त्या जुन्या पारशी कालगणनेत. नवख्या सभासदाने नेमून दिलेले ग्रंथ वाचायचे आणि दर महिन्याला आपल्या मनातल्या शंका, तक्रारी, चुका लिहून पाकीट बंद करून वर पाठवायचं. धर्माच्या आणि राजाच्या जोखडातून माणूस विवेकाने सुटेल, त्यासाठी शहाणी माणसं हळूहळू मोक्याच्या जागी बसवायची, असा बेत होता. बेत महत्त्वाकांक्षी होता हे मी नाकारत नाही. सभासदांत कवी गटे होता, विचारवंत हेर्डर होता, काही सरदार होते. दोन नंबरचा माणूस बॅरन क्निग्ग. त्याने मंडळाला फ्रीमेसन या जुन्या गुप्त बंधुसंघासारखा पायऱ्यापायऱ्यांचा आराखडा करून दिला, मग वाइसहाउप्टशी भांडून १७८४ मध्ये बाहेर पडला आणि चार वर्षांनी माणसांनी एकमेकांशी कसं वागावं यावर पुस्तक लिहिलं. जर्मनीत आजही ‘क्निग्ग’ म्हटलं की लोकांना जेवणाच्या टेबलावरचे शिष्टाचार आठवतात.

१७८४ मध्येच बव्हेरियाचा शासक, इलेक्टर कार्ल थिओडोर याने परवानगीविना चालणाऱ्या सगळ्या गुप्त मंडळांवर बंदी घातली, आणि मार्च १७८५ मध्ये इल्युमिनाटींचं नाव घेऊन पुन्हा घातली. वाइसहाउप्टची नोकरी गेली, तो पळाला. १७८६ मध्ये पोलिसांनी ‘केटो’ म्हणजे त्स्वाक नावाच्या प्रमुख सभासदाच्या घरावर छापा घातला आणि मंडळाच्या पत्रांची पेटीच सापडली. पुढच्या वर्षी सरकारने ती सगळी पत्रं छापून विकायला ठेवली.

ती पत्रं वाचण्यासारखी आहेत. एका पत्रात स्पार्टाकस केटोकडे रडगाणं गातो: सॉक्रेटिस एरवी फार कामाचा माणूस, पण सदा प्यायलेला, ऑगस्टसची अब्रू पार गेलेली, आणि अल्किबियाडीस दिवसभर दारूवाल्याच्या देखण्या बायकोपाशी उसासे टाकत बसतो. जगाचा कायापालट करायला निघालेली ही सेना. आणखी काही पत्रांत संस्थापकाच्या मेव्हणीला दिवस गेल्याची भानगड आहे आणि ती निस्तरायची कशी याची घालमेल. भिशीच्या बायका याहून जास्त गुपितं पोटात ठेवतात. माझ्यापुरता तरी त्रिकोण आणि डोळा त्या पत्रांपाशी संपला.

बरं, मग एवढा बोभाटा कसा झाला? १७८९ मध्ये फ्रान्समध्ये जे झालं त्याने युरोपातल्या सगळ्या वाड्यांची झोप उडाली. १७९३–९४ मध्ये न्यायालयांच्या शिक्षांनी १६ हजारांहून जास्त लोक मारले गेले. राजा गेला, राणी गेली, पाद्री देशोधडीला लागले. त्यातला एक, ऑग्युस्तँ बारुएल, पूर्वीचा जेझुइट, १७९२ मध्ये लंडनला पळून आला. पाच वर्षांनी त्याच्या जाडजूड ग्रंथाचे खंड येऊ लागले. चार खंडांचं सार एका ओळीत मावतं: हे सगळं, अगदी शेवटच्या मुंडक्यापर्यंत, आधी ठरलेलं होतं. तत्त्वज्ञांनी देवाविरुद्ध कट केला, फ्रीमेसनांनी राजाविरुद्ध, आणि इल्युमिनाटींनी दोघांना खिशात घालून सगळ्याविरुद्ध. त्याच १७९७ साली एडिंबराचा जॉन रॉबिसन, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, जेम्स वॅटचा मित्र, स्वतंत्रपणे हेच म्हणाला. वर्षभरात अमेरिकेत जेडिडाया मॉर्स नावाचा पाद्री व्यासपीठावरून सांगू लागला की इल्युमिनाटी आपल्या देशातही पोहोचलेत. मंडळ बंद होऊन तोवर बारा-तेरा वर्षं झाली होती.

बारुएलला मूर्ख म्हणू नका, मी म्हणत नाही. ज्याचं सगळं जग दोन-तीन वर्षांत मोडलं, त्याला पावाच्या भावावर भागत नाही. पण भाव पाहा तर खरा. १७८८ च्या जुलैत गारपिटीने पॅरिसच्या आसपासचं उभं पीक झोपवलं. १७८९ च्या फेब्रुवारीत शहरात चार पौंडांचा पाव साडेचौदा सूला (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) गेला, आणि मजुराची दिवसाची कमाई होती वीस ते तीस सू. सरकारच्या उत्पन्नातला निम्मा पैसा जुन्या कर्जाच्या व्याजात जात होता. सरदार कर भरायला तयार नाहीत, राजाला निर्णय घेता येत नाही. हे वर्गात शिकवायला चार आठवडे लागतात, आणि चौथ्या आठवड्यात निम्मा वर्ग झोपलेला असतो. एका प्राध्यापकाच्या गुप्त मंडळाने सगळं केलं, हे दोन मिनिटांत सांगून होतं.

बारुएलला उत्तर द्यायला पुढे आला तो जाँ-जोसेफ मूनिए. राज्यघटना होईपर्यंत पांगायचं नाही या टेनिस कोर्टवरच्या शपथेचा ठराव मांडणारा हाच, १७८९ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष हाच, आणि क्रांती हाताबाहेर गेल्यावर देश सोडणाराही हाच. क्रांतीवर खार खायला त्याच्याकडे पुरेशी कारणं होती. तरी १८०१ मध्ये त्याने लिहिलं की फिलॉसॉफर, मेसन आणि इल्युमिनाटी यांच्या माथी हे मारणं चूक आहे. फ्रान्समधल्या फ्रीमेसनांचा ग्रँड मास्टर कोण होता? राजाचा चुलतभाऊ, ऑर्लेआँचा ड्यूक, क्रांतीच्या काळात फिलिप एगालिते म्हणून मिरवलेला. राजाला मारायच्या बाजूने त्याने मत दिलं. ६ नोव्हेंबर १७९३ ला त्याचंही डोकं गिलोटिनखाली गेलं. कट त्याचा असता, तर निदान स्वतःची मान तरी वाचवली असती. मूनिएचं पुस्तक आज कोणी वाचत नाही. बारुएलचंही वाचत नाही, पण त्याचा मजकूर तुमच्या मोबाइलवर आलेला आहे.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, “पण मॅडम, आगीशिवाय धूर निघतो का?” रास्त प्रश्न आहे. गुप्त मंडळांनी हिंसा कधीच केली नाही असं म्हणणं हा दुसऱ्या टोकाचा बाष्कळपणा होईल.

आणि मी राहते नाशिकला. आमच्या गावात गुप्त मंडळ होतं, आणि त्याने कलेक्टर मारला. आधीच्या मित्रमेळ्यातून १९०४ मध्ये अभिनव भारत उभी राहिली. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात जॅक्सनच्या निरोपासाठी ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता, तिथे अनंत कान्हेरे या कोवळ्या पोराने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. सरकारने त्यांना काय म्हटलं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे क्रिकेटच्या मैदानाला कान्हेऱ्यांचं नाव आहे. पण मला दाखवायचंय ते वेगळंच. त्या पिस्तुलाचा प्रवास बघा. लंडनमध्ये सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं मिळवली. ती इंडिया हाउसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या चतुर्भुज अमीनच्या पेटीत, दुहेरी तळाच्या खाली, १९०९ च्या सुरुवातीला मुंबईत उतरली. पुढे तोच चतुर्भुज सरकारी साक्षीदार झाला. पेटी, तळ, आचारी, वीसचा आकडा: सगळं कोर्टात उघडं पडलं. खऱ्या कटाला असं माप असतं, आणि त्यात फुटणारा माणूसही असतो.

आता त्याच काळातला दुसरा कट पाहा, जो साहेबाच्या डोक्यात होता. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. पुण्यातल्या ब्राह्मणांचं एक मोठं कारस्थान यामागे आहे, याबद्दल अधिकाऱ्यांची खात्रीच पटली. सरदार नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचललं आणि खटला न भरता डांबून ठेवलं. मारेकरी निघाले एका कीर्तनकाराची चिंचवडची मुलं आणि त्यांचा तालीम करणारा लहानसा गट. म्हणून अधिकाऱ्यांचा सिद्धांत मागे घेतला गेला का? छे! व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मध्ये त्याला पुस्तकाची बांधणी दिली. टिळक त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावून १९१९ मध्ये लंडनच्या कोर्टात हरले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाचं पहिलंच प्रकरण चित्पावनांपासून सुरू होतं. त्या अहवालातून रौलट कायदा आला, कायद्यातून काय आलं ते शाळेच्या पुस्तकात आहे. आपल्या पूर्वजांवर हेच तंत्र चाललं होतं हे माहीत असलेली मराठी माणसं तोच साचा दुसऱ्या कुठल्या जमातीला बिनधास्त लावतात, तेव्हा मला खरंच हसावं की रडावं कळत नाही.

इटलीचं उदाहरण याहून अवघड आहे. १७ मार्च १९८१ ला पोलीस मिकेले सिंदोना या बँकरचा तपास करताना लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या कारखान्यात शिरले, आणि ‘पी-टू’ या मेसनिक लॉजची यादी हाती लागली. ९६२ नावं. मंत्री, सेनापती, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, पुढे पंतप्रधान झालेला बेर्लुस्कोनी. सरकार कोसळलं. आदल्याच वर्षी, २ ऑगस्टला, बोलोन्याच्या रेल्वे स्टेशनवर नवफॅसिस्टांच्या बॉम्बने ८५ माणसं मारली होती, आणि त्या तपासाला मुद्दाम चुकीच्या दिशेला नेल्याबद्दल जेल्लीला शिक्षा झाली. म्हणजे गुप्त मंडळ आणि दहशतवाद यांची गाठ इथे खरोखर होती. ती सोडवली कोणी? न्यायाधीशांनी, पावत्या आणि याद्या तपासणाऱ्या पोलिसांनी, तीना आन्सेल्मी यांच्या संसदीय समितीने. त्यांच्यापैकी कोणालाही इंगोलश्टाटला जावं लागलं नाही.

बारुएलकडे परत जाऊ, कारण खरं नुकसान तिथून सुरू होतं. १८०६ मध्ये त्याला फ्लॉरेन्सहून सिमोनिनी अशा सहीचं एक पत्र आलं: तुम्ही सगळं बरोबर लिहिलंत, फक्त मुख्य सूत्रधार राहिले, ते म्हणजे ज्यू. बारुएलच्या चारही खंडांत ज्यूंचा कट नव्हता. त्याने पत्र छापलं नाही, पण प्रती फिरल्या. रिकाम्या खुर्चीवर कोणालाही बसवता येतं. १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात ‘प्रोटोकॉल्स’ छापून आले, ज्यू पुढाऱ्यांच्या म्हणे गुप्त बैठकीचा वृत्तांत. १९२१ मध्ये लंडनच्या टाइम्सच्या फिलिप ग्रेव्ह्जने दाखवून दिलं की यातले उतारेच्या उतारे मोरिस जोली या फ्रेंच वकिलाने १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनवर केलेल्या टीकेतून उचललेले आहेत, आणि त्या मूळ पुस्तकात ज्यूंचा संबंधच नाही. हिटलरला त्याने काही फरक पडला नाही.

हमासलाही पडला नाही. त्यांची १९८८ ची सनद उघडा. बावीसावं कलम म्हणतं की फ्रेंच राज्यक्रांतीमागे ज्यू होते, रशियन क्रांतीमागे तेच, आणि त्यांनी जगभर गुप्त मंडळं पेरली: फ्रीमेसन, रोटरी क्लब, लायन्स. बत्तिसाव्या कलमात प्रोटोकॉल्सचा दाखला. होय, रोटरी. तीच, जी आपल्याकडे पोलिओचे डोस पाजते आणि नेत्रतपासणी शिबिरं भरवते. बारुएलचा ग्रंथ दहशतीचा उलगडा करायला लिहिला गेला होता. दोनशे वर्षांनी त्याची नातवंडं बंदूकवाल्यांच्या सनदेत बसलेली दिसतात.

नॉर्वेच्या अँडर्स ब्रेविकने तर पुढची मजल मारली. २२ जुलै २०११ ला त्याने ओस्लोत बॉम्ब फोडून आठ आणि उटोया बेटावर गोळ्या घालून ६९ माणसं मारली, त्यात बहुतेक तरुण मुलं. पकडल्यावर म्हणाला, मी ‘नाइट्स टेम्पलर’ या गुप्त संघटनेचा सरदार आहे. २००२ मध्ये लंडनमध्ये आमची स्थापना झाली. टेम्पलर म्हणजे पोपने १३१२ मध्ये मोडीत काढलेला योद्ध्यांचा पंथ. पोलिसांनी त्याचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. आणखी हल्ले होतील या धास्तीने त्याचे इतर साथीदार कोण, बैठक कुठे झाली, सगळं तपासलं. २०१२ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने निकालात म्हटलं की अशी संघटना अस्तित्वात असल्याचा कसलाही पुरावा नाही.