सुट्टीच्या दिवशीचा फोन

७ डिसेंबर २०२५, रविवार

शुक्रवारी नणंदेचं इंडिगोचं पुणे-दिल्ली विमान रद्द झालं. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर एकच सूर आहे, वैमानिकांनी लोकांना वेठीला धरलंय. मी वैमानिक आहे, इंडिगोत नाही, पण बोलणी मलाही बसताहेत. आज तिने थेट विचारलं, "वहिनी, दोन तास जास्त उडालात तर काय बिघडतं तुमचं?"

ग्रुपवर भांडत बसायची इच्छा नव्हती, म्हणून इथे लिहिते.

ते दोन तास आम्ही वर्षानुवर्षं देत आलोय. ड्यूटी सुरू झाल्यावर धुकं पडलं, विमान अडकलं, तर ठरलेल्या मर्यादेपुढे जायचं की नाही हे कॅप्टनने क्रूची अवस्था पाहून ठरवायचं असतं. त्याला डिस्क्रिशन म्हणतात. निर्णय माझा, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात शेड्युलिंगमधून, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या विभागातून, फोन येतो, "मॅम, डिस्क्रिशन घेताय ना?" हो म्हटलं तर कुणी कारण विचारत नाही. नाही म्हटलं की लेखी कारण द्या, मग चीफ पायलटच्या केबिनमध्ये चहा. (चहा बरा असतो.) फोन करणाऱ्या पोराचा राग येत नाही, तोही रात्रपाळीत पिचलेला असतो.

सुट्टीचे फोन वेगळे. "एकच सेक्टर आहे, मॅम." म्हणजे एकच उड्डाण. करारातल्या एका कलमात 'वेळोवेळी सोपवली जाणारी इतर कामे' असे शब्द आहेत, आणि त्यात काय काय बसतं ते सही केल्यावर कळतं. सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन प्रशिक्षण, नव्या भरतीच्या मुलाखतींना बसणं, एकदा तर कंपनीच्या जाहिरातीचं शूटिंग. पटत नसेल तर सोडा म्हणावं, तर कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. २०१७ पासून डीजीसीएचाच, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचाच, तसा नियम आहे. दुसऱ्या कुठल्या पेशात माणसाला राजीनामा दिल्यावर वर्षभर थांबवतात?

करारावरून एप्रिल २०२४ मध्ये 'विस्तारा' या विमान कंपनीतही असंच झालं. एअर इंडियात विलीन होण्याआधी वैमानिकांपुढे नवा करार ठेवला. पगाराची हमी असलेले उड्डाणतास ७० वरून ४०. बरेच जण आजारी रजेवर गेले, उड्डाणं कोसळली, आणि तेव्हाही दोष वैमानिकांच्याच माथी.

मला जे दिसतं ते असं. आमचं 'बरं, येते' हे उत्तर रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) बनवणाऱ्यांनी मनुष्यबळ म्हणूनच मोजून ठेवलं होतं. वर्षाला १००० तासांची उड्डाणमर्यादा आहे, ती त्यांनी लक्ष्य करून टाकली. वैमानिकांच्या ड्यूटी-विश्रांतीचे नवे नियम काही रातोरात आले नाहीत. ते जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. अंमलबजावणी लांबत गेली, कोर्टात प्रकरण गेलं, मग एक टप्पा १ जुलैला आणि दुसरा १ नोव्हेंबरला लागू झाला. भरती करायला पावणेदोन वर्षं हातात होती. आणि परवा, ५ तारखेला, एका दिवसात इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द.

पण नियम मोडकळीला आले तेही त्याच दिवशी. रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून मोजू नये, असं जे कलम होतं ते डीजीसीएने मागे घेतलं. इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. विमानतळावर झोपलेल्या प्रवाशांचे हाल बघून कुणालाही वाटेल की दुसरा इलाजच नव्हता. मलाही वाटलं. पण ज्याने माणसं घेतली नाहीत त्याला मुदत, आणि ज्याने झोप मागितली त्याची रजा विश्रांतीत धरायची, हे मला पचत नाही.

नणंदेला एवढंच कळवलं, की पहाटे तीनच्या विमानात तू असशील तेव्हा पुढे बसलेल्या बाईला 'दोन तास जास्त उडा' म्हणशील का? निळ्या टिका दिसताहेत, उत्तर नाही. मंगळवारी माझा ऑफ आहे आणि शेड्युलिंगचा मिस्ड कॉल आत्ताच येऊन पडलाय. कोणत्या कलमाखाली बोलावताय ते मेलवर लिहून पाठवा, असं कळवलंय.