पांढरी सहा सापडली

मंडळी, मागच्या नोंदीत 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकांच्या दोन कॅसेटींबद्दल जे ठामपणे लिहिलं होतं, त्यातलं निम्मं आज मागे घेते आहे. 'मत्स्यगंधाच्या रात्री आवाज चढा, लय टवटवीत; कट्यारच्या रात्री सगळे जरा दमलेले' असं मी म्हटलं होतं. त्यावरून कट्यारच्या चाली सरस मानणाऱ्या कट्यारवाल्यांनी मला आठवडाभर धारेवर धरलं. तुमचं बरोबर होतं. दमलेलं कुणीच नव्हतं. घोळ टेपच्या वेगाचा होता, आणि तो कुठे दडून बसलाय हे सापडायला मला सव्वा महिना लागला.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: आमच्या गावच्या (तालुका गुहागर) उत्सवात १९८४ साली लागोपाठ दोन रात्री ही दोन नाटकं झाली आणि भाऊकाकांनी ती टेप केली. हौशी संच तोच, पुरुष गायक तोच, ऑर्गन तोच. या कॅसेटींसाठी माझा एवढा जीव का तुटतो, तर दोन्ही नाटकांचे संगीतकार अभिषेकीबुवा (पं. जितेंद्र अभिषेकी), आणि त्यांच्या चाली मूळ ध्वनिमुद्रिकांवरून ताडून बघणं फार अवघड आहे. तिथे एकीकडे 'मत्स्यगंधा'तले पराशर रामदास कामत, दुसरीकडे 'कट्यार'मधले खाँसाहेब वसंतराव देशपांडे. गळे इतके मोठे की चाल कुठे संपते आणि गायकी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. इथे गळा एकच, बेताचा पण सुरेल. तोच गळा पहिल्या रात्री पराशर आणि दुसऱ्या रात्री खाँसाहेब. मग जो फरक कानाला लागतो तो चालीचा, रचनेचा.

कॅसेटींवरच्या बुरशीचं काम मागेच झालं. आयसोप्रोपिल, कापूस, आणि फक्त फिरवण्यासाठी ठेवलेला मोडका डेक; पद्धत तीच, वेगळं काही केलं नाही. डेकचा पट्टा मात्र पुन्हा बदलावा लागला. घरपोच मागवलेला पट्टा जाडीला इतका असमान होता की ३१५० हर्ट्झच्या चाचणी टेपवर सूर हेलकावे खात होता. शेवटी भाचा मुंबईहून येताना लॅमिंग्टन रोडवरून घेऊन आला, तोही जुना पट्टा हातात धरून, दुकानदाराला मापून दाखवून. पट्टे असेच घ्यावेत. आता चाचणी टेप ३१५० ला एक-दोन हर्ट्झ इकडेतिकडे, म्हणजे माझ्या डेकवर शंका नको.

आता मूळ दुखणं. मी वेग ठरवत होते तो 'घूं'वरून. स्टेजच्या माइकच्या वायरीत विजेची घूं शिरते, ती टेपवर उतरते, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. तेव्हा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रम काढायचा, घूं ५० वर आणायची, वेग बरोबर झाला. मत्स्यगंधाच्या टेपवर घूं आधीच बरोबर ५०.० होती. मी खूश, काही हलवलंच नाही. कट्यारवर ती ४९.१ आली, म्हणून ती टेप १.८ टक्क्यांनी पळवली. दोन्ही घूं जुळल्या आणि मी नोंद लिहून मोकळी झाले.

मग एका रात्री नांदीआधीचा तो तुकडा पुन्हा ऐकत बसले होते. पडदा पडलेला, लोक कोंडाळ्याने बोलतायत, मागे कुणीतरी खुर्ची सरकवतंय, आणि ऑर्गनवाला पडद्यामागच्या मंडळींना सूर देतोय. पट्टी दाबून धरलेली, चांगली आठ-दहा सेकंद. सहज म्हणून मोजली. पांढरी सहा (सप्तकातली सहावी पांढरी पट्टी), मत्स्यगंधाच्या रात्री ४५० हर्ट्झ. तीच पट्टी दुसऱ्या रात्रीच्या दुरुस्त टेपवर ४४१. म्हणजे पस्तीस सेंटांचा फरक (लगतच्या दोन स्वरांत शंभर सेंट)! माणसाचा गळा चढेल, उतरेल. ऑर्गनचा सूर, म्हणजे आतली पितळी पाती, एका रात्रीत पस्तीस सेंट उतरत नाही.

आधी वाटलं दुसरा ऑर्गन आणला असेल. म्हणून सगळ्या पट्ट्यांची एकमेकींतली अंतरं काढली, कारण टेप कितीही पळाली तरी अंतरं बदलत नाहीत. दोन्ही रात्री काळी तीन आपल्या जागेपेक्षा वीस सेंट उतरलेली. वाजवताना झाकलीही जात नाही, कोमल गंधारावर हात गेला की बोचते. ऑर्गन तोच होता.

पुढचे पंधरा दिवस मी नुसती चिडचिडत होते. दोन घूं जुळवल्या तर दोन ऑर्गन जुळत नाहीत. ऑर्गन जुळवले तर घूं जुळत नाहीत. घूं खोटं बोलेल हे डोक्यातच येत नव्हतं. महावितरणमधून निवृत्त झालेल्या शेजारच्या दादांना विचारलं, तर ते म्हणाले, "अगं, तेव्हा ५० कुठली? संध्याकाळी भार चढला की ग्रीड ४९ च्या खाली बसायचं." खरंच की! मागणी जास्त, निर्मिती कमी, की जनित्रांचा वेग मंदावतो आणि वारंवारता खाली येते. आजच्यासारखी ५० ला चिकटून राहणारी वीज तेव्हा नव्हती. म्हणजे जी फूटपट्टी मी धरून बसले होते तीच त्या काळी ताणली-आखडली जात होती. जुन्या टेपा घूंवर दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती: २००० पूर्वीचं घरगुती ध्वनिमुद्रण असेल तर आधी दुसरा पुरावा शोधा.

माझा दुसरा पुरावा देवळाच्या माडीवर होता. ऑर्गन अजून आहे हे मला माहीत होतं, वाजतो का ते माहीत नव्हतं. गुरवकाकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "बघ बाय, उंदरांनी भाता खाल्लानी हो." खाल्ला होताच, डाव्या पायाकडची घडी पूर्ण फाटलेली. पण झाकण उचललं तर सूर जागच्या जागी, हिरवट झालेले पण एकही तुटलेला नाही. दोन दिवस बसून घडीला रेक्झिनचं ठिगळ लावलं, रबरी सोल्यूशनने, कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी. भाता पाच मिनिटं टिकतो, मग सुसकारतो. मला पाच मिनिटं पुरे होती.

पहिली पट्टी काळी तीनच दाबली. उतरलेली! मोजली: एकोणीस सेंट. तिथे धुळीत बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं त्या सुराने आपली खोड सांभाळून ठेवली होती. बाकीच्या अकरा पट्ट्यांची अंतरंही टेपशी दोन-तीन सेंटांत जुळली, त्यामुळे सूर आजही तेव्हाच्याच जागी आहेत असं धरायला माझी हरकत नाही. गंजाने एखादा सूर सरकतो. सगळे अगदी सारखे सरकणं कठीण. पायाचा दाब बदलला की सूर जरा हलतो म्हणून पाच वेळा मोजलं. पांढरी सहा: ४३७.

आता हिशेब बघा. मत्स्यगंधाची टेप ४५० दाखवते, म्हणजे जवळजवळ ३ टक्के पळतेय. त्या हिशेबाने त्या रात्रीची वीज ४८.६ होती. टेप ३ टक्के पळाली आणि ग्रीड ३ टक्के खाली होतं. दोन चुकांनी एकमेकींना इतकं नेमकं झाकलं की घूं बरोबर ५० वर येऊन बसली. कट्यारची मूळ टेप ४३३ दाखवत होती, म्हणजे ती उलट सुमारे १ टक्का मागे होती, आणि मी तिला जवळजवळ दुप्पट पुढे ढकललं. वीज त्या रात्री ४९.६ च्या आसपास.

हे असं का, ते कॅसेटच्या आतल्या पुठ्ठ्यावर भाऊकाकांच्या अक्षरात लिहिलेलंच होतं, मी शंभरदा वाचून सोडून दिलेलं. कट्यारच्या पुठ्ठ्यावर तारखेखाली: 'सेल नवे घातले.' टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता. पहिल्या रात्री जुने सेल, मोटर मंद, म्हणून आज वाजवताना टेप पळते. दुसऱ्या रात्री नवे.

हे लिहिता लिहिता आत्ताच एक गोष्ट लक्षात आली, म्हणून मध्येच उठून तपासून आले. सेल उतरत होते तर ते नाटकभर उतरत गेले असणार, एकाच ठिकाणी थांबले नसणार. मत्स्यगंधाच्या टेपच्या अखेरीला ऑर्गनची पांढरी सहा ४५३ आहे! म्हणजे सरसकट ३ टक्के कापून भागणार नाही. प्रत्येक पदाआधी सूर दिलेला आहे, तिथे तिथे मोजायचं आणि ऑडॅसिटीच्या टाइम ट्रॅकवर हळूहळू उतरती रेघ आखायची. आज संध्याकाळी दुरुस्त फाइल पाठवीन म्हटलं होतं, ते रद्द. आठवडा द्या.

नांदी आणि पहिला अंक मात्र बरोबर झालाय, आणि तो घेऊन मी आप्पांकडे गेले होते. त्या रात्री ऑर्गनवर तेच होते. आता कानाला यंत्र आहे, बोटं वाकली आहेत. आधी जुनी फाइल लावली. ऐकलं, काही बोलले नाहीत. मग नवी लावली. सूर दिल्याबरोबर उजव्या हाताची मधली दोन बोटं मांडीवर दाबली गेली आणि म्हणाले, "हां. ही आमची काळी दोन." जुन्या फाइलमध्ये षड्ज काळी दोन आणि पांढरी तीनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता. मग गोविंदरावांची आठवण निघाली. पं. गोविंदराव पटवर्धन इथल्याच अडूरचे, तेव्हा आमच्याकडे ऑर्गनवर बसणाऱ्याला त्यांचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात करता येत नाही.

आता मुद्द्याचं, ज्यावर आपण वर्षभर भांडतोय. सूर जागेवर आल्यावर दोन्ही नाटकं नव्याने ऐकली. सहा मिनिटांच्या पदात ३ टक्के म्हणजे दहा सेकंद. ऐकायला किरकोळ, पण 'देवाघरचे ज्ञात कुणाला' मध्ये त्या दहा सेकंदांनी श्वास परत आला. 'टवटवीत' म्हणून मी ज्याला गुण दिले होते ती घाई होती. खऱ्या लयीत ते पद जड पावलांनी चालतं, आणि शब्द एकेक करून खाली ठेवले जातात. १९६४ मध्ये बुवांनी हेच तर केलं: पद आटोपशीर केलं, तानांचा पसारा आवरला, शब्द पुढे आणला. 'गर्द सभोती रान साजणी' तर भावगीताच्या इतकं जवळ जातं की जुन्या नाट्यपदाची सवय असलेल्या कानाला तेव्हा नवल वाटलं असणार. मत्स्यगंधावाल्यांनो, तुमची बाजू या दुरुस्तीने कमजोर झालेली नाही, उलट पक्की झाली.

तरी मी बाजू बदलतेय. कारण 'घेई छंद मकरंद'. शब्द तेच, पण नाटकातल्या पंडितजींकडे सालगवराळी रागात, संथ, आणि खाँसाहेबांकडे धानी रागात, द्रुत. दोन घराण्यांचं वैर संवादातून सांगायची गरजच उरत नाही. एका कवितेला दोन चाली लावून बुवांनी ते सांगितलं. आमच्या संचात पंडितजींचं काम करणाऱ्यांचा आवाज कोता होता, वरचा षड्ज कसाबसा लागतो. आणि तरीही योग्य पट्टीत ऐकल्यावर सालगवराळीची ती चाल उभी राहते. अशी चाल मी थोर मानते, जी साध्या गळ्यातही आपलं रूप सोडत नाही. मत्स्यगंधात प्रत्येक पद स्वतःपुरतं सुंदर आहे. कट्यारमध्ये चालच नाटक चालवते. १९६४ ते १९६७, तीन वर्षांत हा माणूस कुठून कुठे गेला!

बुवांचंच 'ययाति आणि देवयानी' या दोन नाटकांच्या मधे येतं, १९६६ चं. मला ते आता या वादात आणायचंच आहे, कारण 'हे सुरांनो चंद्र व्हा' मधला चारुकेशी ऐकला की पुढची सालगवराळी कुठल्या वाटेने आली असेल याचा अंदाज येतो. दोन्ही राग कर्नाटक संगीतातून आलेले. आधी ठरवलं होतं की पुढचं काम 'हे बंध रेशमाचे'. ते मागे ठेवते. भाऊकाकांच्या पेटीत ययातिची एक कॅसेट आहे, त्यानंतरच्या वर्षीची. तिच्यावर बुरशी कमी आहे पण आतली दाबपट्टी, ती फेल्टची गादी, गळून पडली आहे, आणि टेप सी-१२० असल्यामुळे पातळ, डेकमध्ये घालायची हिंमत होत नाही. शिवाय त्या वर्षी ऑर्गन नव्हता, हार्मोनियम होती, आणि ती पेटी कुणाकडे गेली ते आप्पांना आठवत नाही. चिपळूण-दापोली पट्ट्यातल्या कुणाकडे १९८५ च्या सुमारास उत्सवांतून फिरलेली तीन सुरांची पेटी असेल तर तिची पांढरी सहा मोजून कळवा. आणि गादीसह चांगली रिकामी कॅसेट, स्क्रूची, चिकटवलेली नको, कुणाकडे पडून असेल तर मला हवी आहे.