लाल रंग वर येतो

तीस वर्षं भिंती रंगवतोय. झालेलं काम गिऱ्हाइकानं स्वतःची चूक सांगून पुसायला लावलं, असं एकदाच घडलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

सांगलीत मारुती चौकाजवळची एक कंपाउंडची भिंत. कॉलेजची सात-आठ पोरं आली, अंटार्क्टिका वाचवा म्हणून लिहायचं होतं. फ्लेक्स नको, हातानंच लिहा म्हणाली. फ्लेक्स आल्यापासून जो तो संगणकातलं अक्षर ताणतो, कुणाला काही खुपत नाही. मी मजुरी कमी सांगितली.

भिंतीवर २०१९ च्या पुराचा डाग होता. म्हटलं, 'तिकडचा बर्फ वितळला की सांगलीत महापूर' असं लिहू, माणसं थांबतील. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, ते खरं नाही. त्या बर्फानं समुद्र चढतो. कृष्णेला पूर येतो आपल्याकडच्या पावसानं." मग सांगलीचा काय संबंध? तर तिथल्या कारभारात भारताला १९८३ पासून मत आहे. २०२४ ला मत असलेल्या देशांची बैठक कोचीला झाली. १९८८ मध्ये तिथली खनिजं काढायची वाट देणारा करार ठरलाही होता. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सनं अंग काढून घेतलं आणि १९९१ ला माद्रिदमध्ये उलट खाणकामावर बंदीच ठरली. हे तिनं फूटपाथवर बसून सांगितलं.

तारेच्या ब्रशनं पोपडे काढले, लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमरवर दोन हात पांढरा. निळीचं सूत मारलं. पेंग्विन पोरांनी काढले. वर माझी फूटभर उंचीची लाल ओळ: '२०४८ ला खाणबंदी संपणार!' 'ख' लिहिताना खालची गाठ जोडावी लागते, नाहीतर लांबून 'रव' वाचतात. ती गाठ मी अशी वळवली होती की तशी पुन्हा जमायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती मुलगी दारात. रात्री करार मुळातून वाचला होता. बंदी संपत नाही. ती १९९८ ला लागू झाली. ५० वर्षांनंतर मत असलेला कुठलाही देश फेरविचाराची बैठक मागू शकतो, एवढंच. "चूक आमची आहे. पुसायची मजुरी वेगळी देतो."

मी चिडलो. निवडणुकांत भिंतीभिंतीवर काय काय लिहून दिलंय, खोटं निघालं म्हणून पुसायला एकही पुढारी आला नाही. इथं कोण तपासणार आहे? ती म्हणाली, "एकानं जरी तपासलं, तरी मग आमचं खरंही कुणी ऐकणार नाही."

पुसलं. नवा मजकूर दोन ओळींचा: '२०४८ नंतर खाणबंदीचा फेरविचार मागता येईल. भारतानं बंदीच्या बाजूनं उभं राहावं.' अक्षर पाच इंचांवर आलं. गाडीवरून जाणाऱ्याला वाचता येत नाही. जुनी ओळ थांबवत होती, नवी खरी आहे. खरी ओळ फूटभर अक्षरात बसवणं माझं काम होतं, ते मला जमलं नाही.

लाल इनॅमल पांढऱ्याखाली दबत नाही, वर येतो. परवा तिथून गेलो तर तिरप्या उन्हात 'संपणार' अजून फिक्कट दिसत होतं. रविवारी डबा घेऊन जाणार आहे, तिसरा हात मारायला.