टॅलाला ऊब मिळते, ऐरोलीला काय मिळावं?

२०२३ मध्ये आयर्लंडमध्ये मीटरवर नोंदल्या गेलेल्या एकूण विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटर्सनी, म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींनी, खाल्ली; शहरी घरांचा वाटा १८ टक्के. यावरून तिथे गदारोळ झाला आणि तो रास्तच होता. पण त्याच वर्षी डब्लिनच्या टॅला भागात जे सुरू झालं, त्याचं मला मनापासून कौतुक आहे.

तिथे ॲमेझॉनच्या डेटा सेंटरची वाया जाणारी उष्णता साउथ डब्लिन काउंटी कौन्सिलच्या इमारतींना आणि टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसला मिळते, तीही फुकट. सर्व्हरची गरम हवा कॉइलवरून, म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून, जाते आणि आतलं पाणी साधारण २५ अंशांवर येतं. एवढ्यावर रेडिएटर चालत नाहीत. म्हणून एनर्जी सेंटरमधले हीट पंप ते तापमान ७० अंशांच्या वर नेतात. एवढ्या चढणीला एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता हाती लागते.

घोळ होतो तो परतीच्या पाण्यात. इमारतीतले व्हॉल्व्ह नीट बॅलन्स केले नसतील तर ४५ अंशांवर परतायचं पाणी ६० वर येतं, हीट पंपाची कार्यक्षमता घसरते आणि वीजबिल फुगतं. शिवाय नवं डेटा सेंटर सुरुवातीला अर्धं रिकामं असतं, म्हणून जोडीला बॉयलर लागतोच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉइलची जागा आणि पाइपांची तोंडं पहिल्या ड्रॉइंगमध्येच हवीत. कॉइलमुळे हवेला अडथळा वाढतो, तो पंखे निवडतानाच धरावा लागतो. सर्व्हरचा हॉल एकदा चालू झाला की कुणी शटडाउन देत नाही.

आपल्याकडे ऊब कुणाला हवी? कुणालाच नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे या डेटा सेंटर्सच्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे पाणी. कूलिंग टॉवर असेल तर एक मेगावॉट उष्णतेमागे दिवसाला जवळपास ३५ हजार लिटर पाण्याची वाफ होते, आणि क्षार साठू नयेत म्हणून सोडावं लागणारं पाणी वेगळंच. एअर-कूल्ड चिलर, म्हणजे पाण्याऐवजी हवेत उष्णता सोडणारी यंत्रं, घेतले तर पाणी वाचतं, वीज वाढते.

टॉवर ठेवूनही पिण्याचं पाणी वाचवणं स्वतःचं मोरबे धरण असलेल्या नवी मुंबईला जमण्यासारखं आहे. डब्लिनकडून शिकायचं ते फक्त आधी आखणी करणं. टॉवरला प्रक्रिया केलेलं सांडपाणीच द्यावं, वेगळ्या पाइपने. त्यातला अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो, फॉस्फेट आणि सिलिका खपली धरतात, आणि निर्जंतुकीकरणात ढिलाई झाली तर टॉवरमध्ये लीजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जीवाणू वाढतो. त्यामुळे साइड-स्ट्रीम फिल्टर (थोडं पाणी बाजूला वळवून गाळणारा), चिलरमधल्या कंडेन्सरच्या नळ्यांचा धातू आणि क्लोरिनचे डोस हे टेंडरमध्येच लिहून घ्यावं लागतं. पिण्याच्या पाण्याची जोडणी फक्त कर्मचाऱ्यांच्या वापरापुरती असावी आणि तिचा मीटर टॉवरच्या मीटरपासून वेगळा असावा, म्हणजे टॉवरमध्ये मोरबेचं पाणी जातंय का हे वॉर्डातल्या कुणालाही तपासता येईल.