खडा न काढता खड्याचं वजन

दागिना तारण ठेवायला आलेला माणूस काट्यावरचा एकूण आकडा पाहून खूश असतो. त्याच्याखाली मी ‘वजा खडे’ लिहिलं की चेहरा पडतो. “वजा कसलं, ताई?” कर्ज मिळतं ते सोन्यावर. खडा हिऱ्याचा असो की काचेचा, त्याची किंमत धरत नाहीत, उलट त्याचं वजनच काढून टाकतात. आणि खडा तर कोंदणात पक्का बसलेला. उचकटला तर दागिना जायचा, कदाचित खडाही फुटायचा. तेव्हा न काढताच त्याचं वजन सांगायचं. माझ्या कामातला हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि भांडणंही सगळ्यात जास्त त्याच्यावरूनच होतात.

मी दादरला बसते आणि मूल्यांकनासाठी बँकांच्या शाखांमधून फिरते. घराणं ठाकूरद्वारच्या सोनारांचं. आजोबा नुसत्या नजरेने खड्याचं वजन सांगायचे आणि कधी चुकायचे नाहीत, असं घरात अजून सांगतात. चुकले तेव्हाच्या गोष्टी कुणी सांगत नाही, एवढंच. मला तसली नजर नाही. माझ्याकडे डिजिटल व्हर्नियर आहे, भिंग आहे, कॅल्क्युलेटर आहे.

आजोबा रत्तीत बोलायचे. रत्तीचा घोळ वेगळाच. जुन्या हिशोबात आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा आणि तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक गुंज, तीच रत्ती, साधारण 121 मिलिग्रॅम. पण राशीचे खडे विकणारे बहुतेक ‘पक्की’ रत्ती धरतात, ती साधारण 182 मिलिग्रॅमची, 0.91 कॅरटची. सव्वापाच रत्तीचं पोवळं एका हिशोबाने 0.64 ग्रॅम भरतं आणि दुसऱ्याने 0.96. पावतीवर फक्त ‘सव्वापाच रत्ती’. कोणती ते गिऱ्हाइकाने ओळखायचं! कॅरटचं तसं नाही. 1907 साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो 200 मिलिग्रॅमचा ठरवून टाकला, म्हणजे ग्रॅमला पाच. मी मापं मिलिमीटरमध्ये घेते, खडा कॅरटमध्ये काढते आणि शेवटी पाचाने भागते.

हिशोब चौथीच्या मुलालाही समजावा इतका साधा आहे. एक घन सेंटिमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, म्हणजे पाच कॅरट. त्या घन सेंटिमीटरमध्ये हजार घन मिलिमीटर मावतात, म्हणून एक घन मिलिमीटर पाण्याचं वजन 0.005 कॅरट. पाण्याच्या जागी दगड असेल तर तो पाण्याच्या कितीपट जड, त्या आकड्याने गुणा. हीच घनता. क्वार्ट्‌झ 2.65, पाचू 2.72, हिरा 3.52, गोमेद 3.6च्या आसपास, माणिक आणि नीलम 4.00. खडा विटेसारखा चौकोनी असता तर लांबी, रुंदी, उंची, घनता आणि 0.005 यांचा गुणाकार केला की संपलं असतं.

पण विटेच्या आकाराचा खडा अंगठीत कोण बसवतो? गोल पैलूदार खडा खालून उलट्या मोदकासारखा निमुळता होत जातो, चौकटीतली बरीचशी जागा हवेचीच असते. म्हणून 0.005च्या जागी आकाराप्रमाणे लहान आकडा येतो. गोल पैलूदार रंगीत खड्याला 0.0018, लंबगोलाला 0.0020, कोपरे कापलेल्या चौकोनी पाचूला 0.0025. वर घुमटी आणि खाली सपाट अशा लंबगोल खड्याला 0.0026. हा शेवटचा आकडा मी एकदा बसून स्वतः काढून पाहिला. अर्ध्या लंबगोल घुमटाचं घनफळ चौकटीच्या 0.5236 पट भरतं, त्याला 0.005ने गुणलं की 0.0026 येतो. बाकीचे आकडे खरे खडे मोजून, तोलून ठरलेले आहेत, ते मुकाट्याने घ्यायचे.

लालबागचे एक काका मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी घेऊन आले होते. एकूण 6.42 ग्रॅम. आधी गेले होते तिथे सरसकट दीड ग्रॅम कापला म्हणून तिथून उठून आले होते, त्यामुळे माझ्यासमोर बसले तेच तापून. “एवढंसं पोवळं, दीड ग्रॅम कसं होईल हो?” मी म्हटलं, “काका, खुर्ची पुढे घ्या आणि तुम्हीच आकडे वाचा.” लांबी 12, रुंदी 9. उंचीला जरा खटपट झाली. पोवळं राशीचं असल्यामुळे बोटाला टेकावं म्हणून कोंदण खालून उघडं होतं, तेव्हा व्हर्नियरचा एक जबडा खालून आणि दुसरा वरून टेकवता आला. 6 मिलिमीटर. गुणाकार 648, पोवळ्याची घनता 2.65, आकाराचा आकडा 0.0026. आले 4.46 कॅरट, म्हणजे 0.89 ग्रॅम. दीड नाही, पण काकांना वाटत होतं तसं ‘काहीच नाही’ असंही नाही. “म्हणजे दोघंही खोटे,” काका म्हणाले आणि कुठे सही करायची ते विचारलं.

मला सांगायचं आहे ते हेच. कापायला हरकत नाही, पण गुणाकार गिऱ्हाइकाच्या समोर, कागदावर झाला पाहिजे. सरसकट कापणं हा आळस आहे, आणि त्याचे पैसे दरवेळी समोर बसलेला भरतो.

अंदाज चुकतो तो बहुतेक उंचीत. काकांचं कोंदण खालून बंद असतं तर मी उंची साडेपाच धरली असती की सहा, यावर आठ टक्क्यांचा फरक पडला असता. बंद कोंदणात पैलूदार खडा असेल तर त्याचं पोट दिसतच नाही. तेव्हा रुंदीच्या साधारण साठ टक्के उंची धरायची आणि पुढे ‘अंदाजे’ लिहायचं. तेही नेहमी जमत नाही. श्रीलंकेत घडवलेले नीलम पुष्कळदा खाली चांगलेच पोटाळलेले असतात. खडा कॅरटवर विकला जातो, मग वजन घालवून सुबक कोण करणार? अशा पोटाच्या खड्याला आलेल्या आकड्यावर थोडे टक्के चढवावेच लागतात, आणि किती चढवायचे तिथे मात्र सूत्र संपतं आणि आजोबांची नजर सुरू होते. गोल खड्यात व्यासाचीही काळजी घ्यावी लागते, कारण त्याचा वर्ग होतो. 6.5 ऐवजी 6.6 वाचलं की वजन सरळ तीन टक्क्यांनी फुगतं.

घनतेत चूक व्हायची तर आकडा विसरून होत नाही, खडा भलताच निघतो म्हणून होते. 8 बाय 6 बाय 4चा लंबगोल लाल खडा माणिक धरला तर 1.54 कॅरट, साधी काच धरली तर कॅरटच्या आतच. म्हणून गुणाकाराआधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते आकड्यात दाखवणारं उपकरण. माणिक 1.76 ते 1.77 दाखवतं, माणकासारखंच लाल दिसणारं स्पिनेल 1.72च्या जवळ, आणि खडा कोंदणात असला तरी वरचा सपाट पैलू टेकवून हे वाचता येतं. गंमत अशी की खाणीतलं माणिक आणि भट्टीतलं माणिक इथे एकच. वेर्नुई नावाच्या फ्रेंच माणसाने ज्वाळेत माणिक बनवायची पद्धत 1902 साली जाहीर केली. गिरगावातल्या जुन्या अंगठ्यांमधली कितीतरी ‘आजीची माणकं’ त्याच जातीची निघतात. घनता तीच, आकडा तोच. वजन काढताना मी गप्प बसते. आजीचं माणिक खरं का, असं कुणी विचारलंच तर सांगते.

अमेरिकन डायमंडचं उलटं. 6.5 मिलिमीटरचा गोल हिरा एक कॅरट भरतो, पण तेवढाच अमेरिकन डायमंड जवळपास 1.65 कॅरट, कारण त्याची घनता 5.8च्या आसपास. मंगळसूत्राच्या पदकात 1.3 मिलिमीटरचे चाळीस बारीक खडे असतील तर हिऱ्यांचे 0.08 ग्रॅम कापायचे, अमेरिकन डायमंडचे 0.13. फरक किरकोळ वाटतो. सोन्याचा आजचा भाव घालून पाहा, मग वाटणार नाही.

नवरत्नाची अंगठी आली की मी चहा मागवते. नऊ खडे, घनता 2.65पासून 4.00पर्यंत, आणि नवाच्या नवांची उंची लपलेली.

काही दागिन्यांसमोर घनफळ-घनता दोन्ही हात टेकतात. बोरमाळेच्या मण्यात वरून सोन्याचा पत्रा आणि आत लाख. कुंदनाच्या कामात खड्याखाली लाखच. बाहेरून मापं घेऊन उपयोग काय, पत्रा किती जाड ते कुठे दिसतं? नथीतल्या मोत्याचं गणित खरं तर सोपं असावं. गोल मोती, घनता 2.7, चार मिलिमीटरच्या मोत्याला 0.45 कॅरट, छिद्राचं थोडं वजा. पण मोती काचेचा पोकळ आणि आत मेण भरलेला निघाला की 2.7 कुठला न्‌ काय कुठलं. छिद्राच्या कडेला भिंग लावून खऱ्या मोत्याचे पापुद्रे दिसतात का ते पाहायचं, मगच लिहायचं.

सुटा खडा आला तर या सगळ्याची गरजच नाही, काट्यावर टाकला की झालं. तरी घनता मी काढतेच, म्हणजे नाव पक्कं होतं. खडा हवेत तोलायचा, मग पाण्यात लटकवून तोलायचा, आणि हवेतल्या वजनाला दोन वजनांच्या फरकाने भागायचं. हवेत 2.00 कॅरट आणि पाण्यात 1.50 असेल तर 4.00, म्हणजे माणिक-नीलमच्या घरातला. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर बुडबुडे चिकटून खडा हलका भासतो. बारीक खड्याला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. 0.40 कॅरटचं माणिक पाण्यात फक्त 0.10 कॅरट हरवतं. तिथे काटा 0.01ने इकडेतिकडे झाला की घनता 3.64 येते नाहीतर 4.44, आणि माणकाचं स्पिनेल व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा तारणाला निघताना दागिन्याची जुनी पावती सापडली तर सोबत आणा. पूर्वीचे काही सोनार खडा बसवण्याआधी तोलून पावतीवर वेगळा लिहायचे. तसा आकडा असेल आणि माझ्या गुणाकाराच्या जवळपास जात असेल तर मी तोच धरते. फक्त रत्तीत असला तर सोनार कोण होता तेही आठवून या.